डुक्कर फियाटचा जेट

बदलापूर, १९८७

अहो,

तुम्ही मस्कतला गेल्यापासून आपली डुक्कर फियाट सुरूच होत नव्हती. "कार्बोरेटर रॉकेलने पूस," असं तुम्ही पत्रातून सांगायचात, आणि मी वेड्यासारखी पुसत बसायचे. तुमच्या आईंच्या छातीत दुखलं, तेव्हा त्यांना शेजाऱ्यांच्या टेम्पोत घालून दवाखान्यात न्यावं लागलं.

परवा उल्हासनगरच्या मिस्त्रीने कार्बोरेटर खोलला. म्हणाला, "भाभी, इसमें जेट ही नहीं है. किसीने निकाला है."

पेट्रोल बेताने सोडणारा तो पितळी तुकडा तुम्ही खिशात घालून गेलात! मी गाडी शिकले, हे एवढं खुपलं?

भंगारातून तसाच जेट शोधला, मिस्त्रीसमोर स्वतः बसवला. काल आईंना कात्रपला फिरवून आणलं.

हे पत्र टाकणार नाही. सुट्टीला याल तेव्हा स्टेशनवर हीच गाडी घेऊन न्यायला येईन. मागे बसा. पुढे आई बसतात.

चांगुणा