भिंतीपलीकडचा स्वेटर

तीर्थरूप ताईस,

तुझ्या भिंतवेड्या धाकटीचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणताहेत? दाजी अजून चष्मा कपाळावर ठेवून तोच घरभर शोधतात का? आईला सांग, मी वेळेवर जेवते (तू खरं धरू नकोस).

सध्या एका जुन्या वाचनालयाच्या भिंतीला औषध पाजते आहे. विटा इतक्या थकल्यात की बोट लावलं तरी पीठ हाताला लागतं. आमचं औषध पाण्यासारखं पातळ. वीट ते पिते आणि हळूहळू आतून घट्ट होते. वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. नियम एकच: ती नको म्हणेपर्यंत थेंब थेंब देत राहायचं.

त्या दुपारी एक वीट नको म्हणेचना. पिवळं ऊन भिंतीवरून सरकत होतं, थेंब पडत होता, विरत होता, आणि मला वाटायला लागलं की आत खोल कुठेतरी एक संथ तळं भरतंय नि त्यावर जुन्या वाचकांची कुजबुज तरंगतेय. (जागेपणी स्वप्नं पाहते म्हणून तू मला चिडवायचीस ना, ती खोड गेलेली नाही.) गवंडीदादा म्हणाले, "बाई, ही वीट आहे की उंट?" मी म्हटलं, "तहानलीय हो बिचारी." अंधारून येईपर्यंत पाजत बसले.

तळं कसलं नि काय! पलीकडे ग्रंथपालांची खोली. कधीकाळी खुंटी ठोकताना विटांच्या सांध्यात आरपार भोक पडलेलं, आणि त्या खुंटीला त्यांचा स्वेटर; माझं सगळं औषध त्यानंच पिऊन टाकलेलं. ते लांबलचक रजेवर, खोलीला कुलूप. परतल्यावर त्यांनी स्वेटर काढून टेबलावर ठेवला, तर तो उभाच राहिला. एक बाही पुढे, जणू पुस्तक मागतोय. मला हसू फुटणार तेवढ्यात गवंडीदादा कानाशी पुटपुटले, "त्यांच्या बायकोनं विणलेला. ती गेली हो."

ताई, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. रोज चहाच्या वेळी हा माणूस माझ्याशी चार शब्द बोलतो. दिवसभरात तेवढेच काय ते माझे. तेही आता गेले, म्हटलं.

त्यांनी स्वेटरला टिचकी मारली. टक्क.

"दर थंडीत थोडा उसवायचा," ते म्हणाले. "आता नाही उसवणार." मग पुढे आलेली बाही वाकवायला गेले, ती वाकेना. "पण आता मी अंगात काय घालू हो?" असं म्हणाले, आणि चक्क हसले.

मोठ्यांच्या पाया पडते, लहानांचे गाल ओढते.

तुझी,
धाकटी

ता. क. रविवारी येते आहे. मला विणायला शिकव. (हो, सुया पाहिल्या की माळ्यावर जाऊन लपणारी तीच मी.)

आणखी एक. माप सांगेन तेव्हा ते माझं नाही, हे तुला कळेलच. कळू दे. पण आईसमोर बोलू नकोस. मी अजून त्यांच्याशीही याबद्दल बोललेले नाही.