विहिरीवरचे इंजिन

१२ जानेवारी १९८६, रविवार. सौंसर.

माझ्या शाळेला सुट्टी. काल मोहगावच्या बगीच्यातले इंजिन बैलबंडीतून घरी आणवले. बाजूच्या झाकणातून तेल गळते. परवापर्यंत संत्र्यांना पाणी मिळाले नाही, तर यंदाचा बहर गेला.

धाकटे भाऊजी आले. "वहिनी, काहून जीव काढून राहिल्या? विकून टाका. दादा होते तेव्हाची गोष्ट वेगळी."

"अन् पाणी काय तुम्ही ओंजळीनं देता?"

मी असे बोलले?

सकाळी नट गच्च आवळले, तर थेंब दुप्पट. चूक माझीच, झाकणाखालचे कागदी पॅकिंग चिरडले. मग झाकण खोलून नव्या पॅकिंगसाठी जाड कागद त्यावर दाबला. तेलानेच झाकणाचा काठ कागदावर उमटला. हे होते तेव्हा असेच करायचे, मी फक्त कात्री आणून द्यायचे. आज मीच कापला. तो बसवून समोरासमोरचे नट थोडेथोडे आवळले.

तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झाले. अर्धा तास चालवले. खालच्या वर्तमानपत्रावर थेंब नाही. पुन्हा वाकून पाहिले. नाही.

हे जाऊन चार महिने झाले. आज दिवसभर रडू आले नाही. हे बरे की वाईट?

नखांतले तेल राखेनेही निघेना. तसेच माझ्यापुरते पीठ मळले.