साडेपंधरा फुटांचा करार

२७ सप्टेंबर २०२५, सकाळी ८
पेपर वाचला. अमेरिका-रशियाचा शेवटचा अण्वस्त्र करार फेब्रुवारीत संपतोय. दोघांनी तैनात अण्वस्त्रं पंधराशे पन्नासवर रोखून धरली होती, आता तेवढीही अट जाणार. जगात जबाबदार माणूस उरलेला नाही. मी पेडण्यात एकतीस वर्षं हेड क्लार्क होतो. मसुदा कसा करतात ते मला ठाऊक आहे.
संकल्प: दिवाळीपर्यंत नमुना करार यशस्वी करून महासत्तांना पाठवणे.
प्रयोग गावातच. गावाच्या दोन वस्त्या: वरचा वाडा आमचा, खालचा शिवदासदादाचा. दादा माझा सख्खा मोठा भाऊ. दोन्ही वाड्यांचे नरकासुर, म्हणजे चतुर्दशीला पहाटे जाळायचे पुतळे, दर दिवाळीला उंच होत चाललेत. तीन वर्षांपूर्वी त्यावरूनच आमचं वाजलं. तेव्हापासून दिवाळीला वहिनीच्या हातचे रोसातले फोव, नारळाच्या गोड रसातले पोहे, नाहीत. फार आठवण येते. पण हा मुद्दा जागतिक शांततेचा नाही.
बायकोला, शेवंतीला, तेव्हाच बजावलंय, त्या घरचा तोंडी निरोप मला सांगायचा नाही. काय असेल ते लेखी.

३० सप्टेंबर
मसुदा तयार. कलम १: नरकासुराची उंची कमाल साडेपंधरा फूट. कलम २: माप खांद्यापर्यंत, कारण डोकं शेवटच्या दिवशी बसतं. (ही माझी चतुराई.) कलम ४: परस्पर तपासणी. कलम ६: हॉटलाइन. कलम ९: यश आल्यास फोवांचं निमंत्रण. लेखी.
शेवंती म्हणाली, फोन केल्यार हात झडतले काय? बायकांना प्रक्रिया कळत नाही.

५ ऑक्टोबर
पाव घेऊन येणाऱ्या विठूच्या टोपलीतून करार खाली गेला, सही होऊन वर आला. कलम २ दादाने निमूट मान्य केलं. भोळा माणूस.

११ ऑक्टोबर
तपासणी. त्यांचा साडेपंधरा, आमचा साडेपंधरा. मी आणि दादा बोललो नाही, आकडे विठूने वाचले. अमेरिका-रशियाच्या तपासण्या कधीच्या बंद पडल्यात. त्यांनी हे बघायला हवं होतं.
त्यांच्या मांगराच्या खोपीत गोणपाटाखाली काहीतरी मोठं, गोल होतं. पेंढा असावा.

१४ ऑक्टोबर
पेंढा नसावा. आमच्या मंडळाला डोकं आठ फूट करायला सांगितलं. ही स्पर्धा नव्हे, खबरदारी. कराराचा भंग होत नाही. करार मीच लिहिलाय.

१७ ऑक्टोबर
दहा फूट. महासत्तांना पाठवायचं पत्र टाइप करून ठेवलं. फक्त 'यशस्वी' शब्दापुढे तारीख घालायची आहे.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी, सकाळी ६.२०
दोन्ही नरकासुर देवळाकडच्या मोरीच्या अरुंद पुलावर समोरासमोर आले. आमचं डोकं दहा फूट, त्यांचं अकरा. मागे कोण घेणार? कोणीच नाही. पाठीमागे मोपाच्या विमानतळावर निघालेली टॅक्सी हॉर्न मारून थकली. मी कलम २ मोठ्याने वाचून दाखवलं. दादाही तेच वाचत होता.
एवढ्यात डोक्यांच्या वजनाने दोघेही पुढे कलले आणि कपाळाला कपाळ टेकून अडकले. सुटेनात. उजाडायला आलं, म्हणून तिथेच जाळले, एका काडीत. कोण जिंकलं ते कळलं नाही. दादाच्या भुवया करपल्यात. माझ्याही.

सकाळी ८.३०
अभ्यंगस्नान केलं, कारीट फोडलं. लेखी निमंत्रण नाही.
शेवंतीने वहिनीकडून आलेला डबा पुढे ठेवला. रोसातले फोव. म्हणे या दोघी जावा तीन वर्षं रोज चार वाजता फोनवर बोलतात. दोन्ही डोक्यांची उंची दोघींना पहिल्यापासून ठाऊक होती. मग मला का नाही सांगितलं? तर म्हणाली, मोठे भावजी तिनय वर्सां निरोप धाडतत, कृष्णनाथाक फोव खाऊक धाड म्हणान. तुमीच सांगलास, तोंडी निरोप सांगू नको.
तीन वर्षं.
फोव खाल्ले. शेवटी शेवटी चव कळेना, डोळे भरले होते. धुराने असेल.

सकाळी ९.१०
डबा रिकामा परत देत नाहीत. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, भरल्या. खाली तेलकट होईल म्हणून महासत्तांच्या पत्राचा कागद घातला. कोण नेऊन देणार, ते शेवंतीने विचारलं नाही. चपला घातल्यात.