डावीकडची सीट

मामंजी,

काल गाडी गेली. तुम्हाला सांगायला दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून मीच सांगते. कंग्राळीचा एक पोरगा घेऊन गेला. शेतकऱ्याच्या घरातला आहे, उद्यमबागेत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या गाड्यांच्या मागं फिरतो. आल्या आल्या त्यानं किंमत विचारली नाही. चपला काढल्या, उताणा झाला आणि सरळ गाडीच्या पोटाखाली गेला. त्याची बायको माझ्याकडं बघून हसली. "काकी, आता चहा निवला तरी हे भाईर येणार न्हाईत." मला आपलं अंगण आठवलं. तुम्हा दोघांचे पाय गाडीखालून बाहेर आलेले असायचे, तुमचे आखूड, ह्यांचे लांब, आणि सासूबाई त्या पायांशीच बोलायच्या. "जेवायला येतासा का हितंच आणून वाढू?" उत्तरादाखल पाय हलायचे.

ही गाडी आपण कोंबड्यांकडून घेतली, हे तुमच्या नातीला अजून खरं वाटत नाही. गोव्यात एका बंगल्यामागं ती पडून आहे असं ह्यांनी कुठंतरी ऐकलं. (ह्यांचं नाव मी अजूनही घेत नाही. सवय गेली नाही.) तुम्ही फौंड्रीतून रजा काढलीत आणि बापलेक चोर्ला घाटातून ती टेम्पोवर लादून घेऊन आलात. परदेशातली, दोन दारांची, दोनच माणसांची, नाक लांब आणि पाठ बसकी. वडगावात आपल्या गल्लीतले माग बंद ठेवून लोक बघायला आले होते. सीटवर पिसं होती, खाली एक अंडं निघालं. सासूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "गाडी आणायला म्हणून गेलासा आणि खुराडं आणलासा व्हय?" तुम्ही ते अंडं धोतराला पुसून त्यांच्या हातावर ठेवलंत. "घे. पयला हप्ता दिला तिनं."

पुढची कितीतरी वर्षं तुम्ही दोघं तिला उभी करत होतात. तिचे भाग मिळायचे नाहीत. मोडलेला तुकडा खिशात घालून तुम्ही कामावर न्यायचात आणि तसाच नवा लेथवर काढून आणायचात. हे ऑफिसातले कारकून, त्यांच्या नखात सोमवारपर्यंत ऑइल असायचं. दोघांचं एका बाबतीत कधी जमलं नाही. ह्यांना गाडी आणखी खाली बसवायची होती, चाकं रुंद हवी होती, सायलेन्सर मोठ्या आवाजाचा हवा होता. तुम्हाला ती कारखान्यातून निघाली तशीच पाहिजे होती.

"आप्पा, जरा तरी आवाज पाहिजे. स्पोर्ट्स कार हाय ही."

"आवाज पाहिजे तर म्हैस पाळ. दूध तरी दील."

मग अबोला. एकाच चाकापाशी बसून एकमेकांना पाने द्यायचात, पण बोलायचं नाही. शेवटी ह्यांनी सायलेन्सर बदललाच. तुम्ही चालवून आलात, किल्ली खुंटीला लावलीत आणि भिंतीकडं बघत म्हणालात, "बरं वाटतं की रं." तेव्हा ह्यांच्या तोंडावर जे आलं ते लग्नातही मी बघितलं नव्हतं.

मला तुम्ही एकदाच ओरडलात. मी हौसेनं काथ्या आणि राख घेऊन गाडीचं नाक घासायला बसले होते. "भांडं हाय व्हय गं ते?" गल्लीभर ऐकू गेलं. मी चुलीपाशी जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही एक गोष्ट केलीत. गाडीखाली ऑइल टिपायला तुम्ही रद्दी आणायचात, त्यातली रविवारची पुरवणी मी गुपचूप काढून घेते हे तुम्हाला कधीतरी दिसलं असावं. त्या दिवसापासून पुरवण्या वेगळ्या, कोऱ्या, घडी घालून कट्ट्यावर असायच्या. सातवीत शाळा सुटलेली मी, वाचायला लागले ती अशी. पुढं वाचनालयाचं कार्डही तुम्हीच काढून दिलंत. आज हे एवढं लिहिता येतंय ते त्यामुळं.

रविवारी तुम्ही दोघं निपाणीकडं जायचात. तवंदी घाटाच्या अलीकडं एका चहाच्या हॉटेलापाशी कोल्हापूरचे, हुबळीचे, असलेच जुन्या गाड्यांचे येडे जमायचे. चालवायचात तुम्ही, बुडाखाली उशी घेऊन, स्टेअरिंगला छाती लावून. हे डावीकडं, सीट पार मागं सरकवून, तरी गुडघे वर. निपाणी माझं माहेर. ह्यांनी दर रविवारी पुढं तिथवर जाऊन माझ्या आईच्या हातची चटणी खाऊन यायचं आणि मी इथं भाकऱ्या थापायच्या. मी म्हणायची, मला कधी नेणार? हे हसायचे. "दोनच सीटा हायत. आप्पांना उतरवू काय घाटात?"

मग कावीळ झाली आणि हे गेले. हातातलं पोर चार वर्षांचं. गाडीचा काही संबंध नव्हता, पण भेटायला येणारा प्रत्येकजण आधी अंगणात बघायचा आणि विचारायचा, कुठं धडकली? मग कुणीतरी म्हणालं, गाडी पांढऱ्या पायाची आहे. ते बोलताना त्या बाईचे डोळे माझ्याकडं होते. तुम्ही आतून बाहेर आलात. "माझ्या घरात पांढऱ्या पायाचं कुणी न्हाय. ना दारात, ना आत. चहा झाला असंल तर उठा." त्या वाक्याच्या आधारानं मी किती वर्षं काढली, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

वर्षभर गाडीवर ताडपत्री होती. वर्षश्राद्ध झालं आणि एक दिवस तुम्ही वेल्डिंगवाल्याला बोलावलंत. ताडपत्रीआड दुपारभर ठिणग्या उडत होत्या. संध्याकाळी मला हाक मारून दाखवलंत. तुमच्या सीटच्या मागं, सामान ठेवायच्या कट्ट्यावर, एक लहानशी आडवी सीट बसवली होती. तांबडं रेक्झिन, चारी कडांना हातशिलाई. "उंद्या तुला निपाणीला सोडतो. सुनंनं सासऱ्याच्या बरोबरीनं बसायचं न्हाय, ती मर्यादा ऱ्हाऊ दे. पण पोरीनं एस्टीत धक्के खात म्हायेरला जायचं न्हाय." सासूबाई डोळे पुसत आत गेल्या.

सकाळी तुमची सीट पुढं पाडून मी मागं शिरले. कुंद्याच्या मिठाईचा डबा असलेली पिशवी मी पुढं डावीकडच्या सीटवर ठेवली. तुम्ही ती उचलून माझ्याकडं दिलीत. "मांडीवर घे गं. हितं नको." तूप गळेल म्हणून म्हणत असाल, असं मला वाटलं. संकेश्वरच्या पुढं तंबाखूचा ट्रॅक्टर एकदम आडवा आला. तुम्ही करकचून ब्रेक दाबलात आणि तुमचा डावा हात स्टेअरिंग सोडून रिकाम्या सीटपुढं आडवा गेला. तिथंच थोडा वेळ राहिला. मला वाटलं, गिअर चुकला. तुम्ही हात परत घेतलात आणि गाडी पुढं काढलीत. माहेरच्या दारात उतरवलंत, पण आत आला नाहीत. आई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली तोवर गाडी वळली होती. आमच्या गल्लीत त्या सीटचं केवढं कौतुक झालं. सासऱ्यानं सुनेसाठी गाडी बदलली! मीही ते अभिमानानं सांगत राहिले. तुम्ही गेलात, सासूबाई गेल्या, तुमची नात शिकून बंगळूरला गेली, तिच्या सासरच्यांनाही मी हेच सांगितलं.

गाडी मी जपली. तुम्ही शिकवलं होतंत तसं दार उघडून, एक पाय बाहेर ठेवून, इंजिन चालू करून ठेवायची. गल्लीतला मेकॅनिक अधूनमधून फिरवून आणायचा. पण आता रबर वाळतंय, उंदीर वायरी खातात, माझे गुडघे खाली बसू देत नाहीत. "उभी गाडी मरते," हे तुमचंच वाक्य. म्हणून हो म्हटलं.

पोरगा कपडे झाडत उठला आणि जरा ओशाळून म्हणाला, "काकी, एक सांगू? मागची सीट काढावी लागंल. मला गाडी होती तशी करायचीय." तुम्हाला तो आवडला असता. मी म्हटलं, काढ, पण ती इथंच राहील. त्यानं स्क्रू काढून सीट अलगद माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवली. आत्ता तिच्यावर बसूनच लिहितेय.

तो सीट ठेवत होता तेवढ्यात बाहेरून त्याची बायको ओरडली. ती डावीकडच्या सीटवर बसली होती. ठेंगणी आहे, पाय पोचत नव्हते. "अहो, ही सीट पुढं सरकंना." त्यानं खालचा दांडा ओढून बघितला, मग मोबाइलची बॅटरी लावून आत डोकं घातलं. बराच वेळ घातला.

"काकी, ह्याच्या दोन्ही रुळांना वेल्ड मारलंय. पार मागं नेऊन. सरकू नये म्हणूनच मारलंय. असं कोण करतंय?" मग त्यानं डोकं बाहेर काढलं. "लई लांब पायांचं कोण होतं काय घरात?"

"होतं," मी म्हटलं.

मामंजी, मी तिथं दाराला धरून उभी राहिले. ट्रॅक्टर डोळ्यापुढं आला. तो हात गिअरकडं जात नव्हता. पिशवीतलं तूप गळणार नव्हतं. त्या दुपारच्या सगळ्या ठिणग्या माझ्या सीटच्या नव्हत्या. ती जागा ह्यांच्या पायांच्या मापाला कायमची थांबवून, मग तुम्ही माझ्यासाठी दुसरी केलीत. आणि एका घरात, एका चुलीवरचं खात, आपण त्याबद्दल एक शब्द बोललो नाही.

"ग्राइंडर हाय माझ्याकडं. दोन मिनिटांचं काम. करू?" पोरगा विचारत होता. बायको त्याला कोपरानं ढोसत होती, "नको की हो. मी उशी घेते." दोघं माझ्याकडं बघत राहिले. तिला उतर म्हणून सांगितलं आणि मी बसले. त्या सीटवर पहिल्यांदाच. पाठ टेकली, डोकं टेकलं, पाय मात्र खाली पोचले नाहीत. नुसते लोंबत राहिले. समोर काचेतून आपला कट्टा दिसत होता, पुरवण्या ठेवायचात तो. ह्यांना एवढं लांबून दिसायचं सगळं.

उतरले आणि म्हटलं, "काप."

मी आत गेले नाही. उभी राहून बघितलं. दोन्ही रूळ सुटले तेव्हा सीट आपोआपच थोडी पुढं आली. ती पोरगी परत बसली, तिचे पाय टेकले. मग दोघं निघाली. वळणावर गाडीचा आवाज आला, ह्यांच्या सायलेन्सरचा, आणि मागाच्या खडखडाटात मिसळून गेला.

हे पत्र गाडीच्या खणात ठेवायचं मनात होतं. ठेवलं नाही. त्या दोघांनी वाचलं असतं, आणि आता गाडी त्यांची आहे. ते आता इथंच राहील, माझ्यापाशी.

एक राहिलं. त्या सकाळी तुम्ही मागं बस म्हणालात, तेव्हा मी पदर सारखा केला आणि मुकाट्यानं शिरले. लोकांनी तुमच्या मर्यादेचं कौतुक केलं, माझ्याही केलं. पण दार उघडलं तेव्हा माझी नजर कुठं होती ते तुम्ही बघितलं नाहीत, आणि तुमची कुठं होती ते मी बघितलं नाही. मलाही तीच सीट पाहिजे होती, मामंजी. एकदाच. निपाणीपर्यंत.