न फवारलेल्या चार ओळी

आबा, कॉलेजच्या मॅडम मुलींना घेऊन आपल्या शेतावर येणार म्हणून तुम्ही दोन दिवस आधी वांग्याला औषध मारलंत, तिथूनच सुरुवात करते. भरताची वांगी तुम्ही आधीच तोडून ओसरीत गोणपाटाखाली झाकून ठेवली होती आणि मग पंप पाठीला बांधून सबंध वावर फवारून काढलं. बांधावरचं गवतही काढून टाकलंत. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी त्या दिवशी सकाळच्या एसटीने जळगावला गेले आणि मॅडम व वर्गातल्या दहा-बारा मुलींना घेऊन असोद्याला परत आले. थंडीचे दिवस होते. शेताच्या तोंडाशी येताच औषधाचा उग्र वास आला, आणि मॅडमनी रुमाल नाकाला लावून माझ्याकडे पाहिलं.

आम्ही अन्नसाखळीचा मनोरा मोजायला आलो होतो. जमिनीवर दोरीचा चौकोन टाकायचा आणि त्यात जे जे जिवंत सापडेल ते मोजायचं. तळाशी झाडं, कारण ती उन्हातून स्वतःचं अन्न करतात. त्यांच्यावर पानं खाणारे मावा, तुडतुडे, अळ्या. त्यांच्यावर त्यांना खाणारे कोळी, सरडे, साळुंख्या. आणि अगदी टोकाला पाखरं मारून खाणारा एखादा शिक्रा. प्रत्येक पायरीला संख्या कमी होत जाते, कारण खालच्याने जेवढं खाल्लं त्यातला फार थोडा भाग वरच्याच्या वाट्याला येतो. पुस्तकात हे सगळं सुबक त्रिकोणात काढलेलं होतं. आपल्या शेतात आम्हाला फक्त वांग्याची झाडं मिळाली. एकेक पान उलटून पाहिलं. अळी नाही, मावा नाही, साधी मुंगीसुद्धा नाही. एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, पुस्तकातले आकडे टाकून देऊ का?" मॅडम ताठ उभ्या राहिल्या. "जे दिसलं तेच लिहायचं. शून्य दिसलं ना? मग शून्य लिहा. शून्य लिहायला लाज कसली वाटते तुम्हाला?"

तेवढ्यात तुम्ही धोतराला हात पुसत आलात. "सापडली का एखादी अळी?"

"एकही नाही," मॅडम म्हणाल्या.

"मी म्हन्लोच व्हतो!" तुमचा चेहरा असा उजळला की मुलींना हसू आवरेना. मी मात्र तापले. "आबा, आम्हाला अळ्याच मोजायच्या होत्या!"

"अळ्या? मोजाले?" तुम्ही माझ्याकडे आणि मग मॅडमकडे पाहिलंत. "अवं पोरी, पाहुन्यापुढे किडकं वांगं मांडते का कोनी?"

मग आई कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजते आहे, लाकडी उखळीत हिरवी मिरची, लसूण आणि वांगी ठेचली जात आहेत, केळीच्या पानांवर भरत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी वाढल्या जात आहेत, आणि मॅडम मांडी घालून तुम्हाला मनोरा समजावून सांगत आहेत. तुम्ही मान डोलावता आहात. समजत किती होतं कोण जाणे, पण पाहुणा बोलत असताना तुम्ही कधी मध्ये बोलत नसा. मॅडमनी तीच संधी साधली. "हिला एम.एस्सी.ला पुण्याला पाठवा. हिच्यात तेवढी कुवत आहे." मी मान खाली घालून भाकरीचा तुकडा कुस्करत राहिले. तुम्ही त्यांच्या पानावर आणखी भरत वाढलंत, वरून तेल सोडलंत आणि म्हणालात, "घ्या, लाजू नका. पुन्याचं नाई जमनार." आवाज चढला नाही, कपाळाला आठी नाही. मॅडमनी ते भरत संपवलं, कारण पानात टाकणं त्यांना बरं वाटलं नसतं. परतीच्या एसटीत बसताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "तुझे वडील वाईट नाहीत. आता तुझं तू बोल." मी बोलले नाही. मला वाटत होतं, नाही म्हणजे नाही.

पुढच्या हंगामात तुम्ही विहिरीकडच्या चार ओळी फवारल्या नाहीत. पंप घेऊन तिथपर्यंत गेलात आणि परत फिरलात. मला वाटलं औषध संपलं असेल. रात्री जेवताना, मी विचारलं नसतानाच म्हणालात, "त्या चार ओळी तुह्या. काय मोजायचं ते मोज." शेजारच्या शेतातले नाना बांधावरून ओरडायचे, "काय आबा, औंदा अळ्या पायल्या का? दूध देतीन का त्या?" आणि तुम्ही विडी विझवत म्हणायचात, "माही पोर त्यायचा हिशोब ठेवते. तुह्या म्हशीचा ठेवते का कोनी?" दर रविवारी मी त्या ओळींत उकिडवी बसते आणि तुम्ही बांधावर उभे राहून विचारता, "आले का तुहे गिऱ्हाईक?" आधी मावा आला. मग वांग्यांना भोकं पडली, आणि आईने तुमच्याकडे असं पाहिलं की तुम्ही गुपचूप गोठ्याकडे निघून गेलात. मग माव्यावर ठिपक्यांचे लाल किडे आले, पानांच्या मध्ये कोळ्यांनी जाळी धरली, साळुंख्या सकाळ-संध्याकाळ उतरू लागल्या. एक दिवस विहिरीजवळच्या निंबावर शिक्रा येऊन बसला. मी तुम्हाला हाताने खूण करून बोलावलं.

"हा काय वांगं खाते?"

"नाही आबा. हा साळुंखी खातो, साळुंखी अळी खाते, अळी वांगं खाते."

तुम्ही बराच वेळ वर पाहत राहिलात. "म्हन्जे माह्यं वांगं आभायात चाललं," तुम्ही म्हणालात, आणि स्वतःच इतके हसलात की शिक्रा उडाला.

त्याच दिवशी घरी परतताना, माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "आता सारं बठ्ठंच भेटलं ना तुले इथी? मंग इथीच मोज. पुन्याले काय येगळ्या अळ्या राहतात?" त्या चार ओळी कशासाठी होत्या, ते मला तेव्हा कळलं. तुम्ही माझ्यासाठी मनोरा उभा केला होता, मी घर सोडू नये म्हणून. मी तेव्हाही तोडूनच बोलायची. म्हणाले, "आबा, तिथे अळ्या नाही, सूक्ष्मदर्शक आहे." तुम्ही दोन पावलं चाललात. "जळगावले भेटत नाई का?" बाजाराच्या दिवशी तुम्ही घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडून डोळ्याला लावायचं भिंग घेऊन आलात आणि माझ्यासमोर ठेवलंत. मी ते डोळ्याला लावून तुमच्या बोटांकडे पाहिलं. नखांत माती होती, आणि कातडीवर औषधाने पडलेले पांढरे चट्टे होते. मग मी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "याने नाही भागायचं, आबा." तुम्ही "बरं" म्हणालात. त्यानंतर काही दिवसांनी आईनेच सांगितलं की तुम्ही होकार दिला आहे. मला तो होकार तुमच्या तोंडून कधी ऐकायला मिळाला नाही.

पुढे धुळ्याच्या कॉलेजात नोकरीला लागले, ती अजून तिथेच आहे. मनोरा दरवर्षी शिकवते. मी कडक आहे, आबा. उशिरा आलेल्याला वर्गात घेत नाही, खोटे आकडे लिहिणाऱ्याची वही परत करते. पुण्याच्या पहिल्या वर्षी सुट्टीला घरी आले तेव्हा चार ओळी तशाच होत्या, आणि मी मोजायला बसले तर तुम्ही आधीच सांगू लागलात की शिक्रा औंदा जोडीने आला आहे. दुसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. भावाने सगळं शेत केळीला दिलं. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याला घर चालवायचं होतं. निंब अजून आहे. निंबावर संख्येचा मनोरा उलटा होतो, एक झाड आणि त्यावर जगणारे अगणित किडे. तुम्हाला त्या झाडाची उपमा देण्याचा मोह मला होतो, पण तसलं वाक्य कुणी वहीत लिहिलं तर मी लाल रेघ मारते, तेव्हा राहू दे.

वर्गात एकदा शिरपूरकडच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, दहातला एकच भाग वर जातो, तर बाकीचे नऊ वाया जातात का?" मी सांगितलं, वाया नाही, ते त्या जिवाच्या जगण्यात जातात. चालण्यात, श्वासात, अंग उबदार ठेवण्यात. तिने लिहून घेतलं. मी फळ्याकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिले, कारण तुमचं चालणं डोळ्यांसमोर आलं. पाठीला पंप, विहिरीपर्यंत जाणं, आणि तिथून मागे फिरणं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून पुण्याला निघाले त्या दिवशीचं, जळगावच्या स्टँडवरचं लिहिते. माझी ट्रंक तुम्ही स्वतः टपावर चढवलीत, कंडक्टरला चढू दिलं नाहीत. खाली उतरून खिडकीशी आलात आणि म्हणालात, "डाव्या अंगाला बस. इकडे ऊन लागीन." मी जागा बदलली. तुम्ही बाहेरून वळसा घालून त्या खिडकीशी आलात. बस सुरू झाली तरी तुम्ही काही बोलला नाहीत, आणि मी तुमच्या तोंडाकडे पाहत होते. मी शिकले ते बरंच झालं, ते मला परत द्यायचं नाही. पण आबा, त्या वेळी तुम्ही एकदा जरी "नको जाऊ" म्हणाला असतात, तर मी उतरले असते.