दार लोटून दिलेलं दही

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की या घरात तुला पाहिलेला मी एकटाच उरलोय. तुझ्या नातसुनेबद्दल, म्हणजे माझ्या सुनेबद्दल सांगायचं आहे. लग्नापायी तिचं कॉलेज अर्धवट सुटलं होतं. मुलं मोठी झाल्यावर तिनं उस्मानपुऱ्यातल्या या घरात बसूनच विलायतेतल्या एका नावाजलेल्या विद्यापीठाचा अभ्यास धरला. दिवसा कंपनीत हिशेबाचं काम करते, संध्याकाळी कुकर लावून कॉम्प्युटरसमोर बसते. मला पहिल्या दिवसापासून धास्ती. फळा नाही, घंटा नाही, सर समोर नाहीत, मग ही पदवी खरी कशी? बागेतल्या मंडळींत विषय काढला तर एक जण म्हणाला, "डिग्री कुरियरनं येणार का हो? डबा फोडून बघा, मगच सही करा." मी घरी येऊन तिचं डोकं खायचो. ती हसायची. "मामा, तिथं वर्गात बसणाऱ्या पोरांना जो पेपर, तोच मला."

पोलीस ॲक्शननंतर आमच्या शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली, तुला आठवत असेल. घरी मराठी बोलणारा मी, पण गणित सारं उर्दूतनं शिकलेला. मास्तर त्रिकोण म्हणायचे आणि माझ्या डोक्यात मुसल्लस यायचा. सातवीच्या परीक्षेला निघालो तेव्हा तू चुलीपुढनं उठून माझ्या तळहातावर दही-साखर ठेवलीस. मी नापास झालो आणि गुलमंडीत कापडाच्या दुकानात लागलो. तू चिडली होतीस. "गज हातात घेतला, ठीक हाय. पण रोज एक पान वाचत जा, नायतर चार माणसांत बुजून राहशील." वाचलं नाही. बुजूनच राहिलो.

तिचा शेवटचा पेपर होता. तो झाला की पदवी, आणि पदवी हातात आली की कंपनीत वरची जागा द्यायचं साहेबांनी कबूल केलेलं. पेपर घरीच द्यायचा, पण कॅमेरा चालू, आणि पलीकडनं कुणीतरी बघत राहणार. खोलीत दुसरं माणूस दिसलं की पेपर रद्द. नाष्ट्याच्या वेळी तिनं सगळ्यांना बजावलं. "मामा, तुम्हाला खास सांगते हं." मी व्हय म्हटलं. ती आत गेली, दार लोटलं, आणि माझ्या ध्यानात आलं की हिनं दही घेतलंच नाही. दही म्हणजे काही कॉपी नव्हे, त्याला कोण हरकत घेईल? मी वाटी उचलतो, दार ढकलतो. ती पडद्यावरची नजर न हलवता हातानं मागं जा म्हणून खुणावते, आणि मला वाटतं दह्यासाठीच हात पुढं केलाय. मी चमचाभर दही तिच्या तळहातावर ठेवतो.

"मामा, बंद झालं."

"काय बंद झालं?"

"पेपर."

हातावर दही तसंच घेऊन ती दुसऱ्या हातानं बटणं दाबत राहिली. तिनं तिकडं सगळं लिहून कळवलं, दह्याची रीतसुद्धा समजावली. उत्तर सभ्य आलं, पण नियम तो नियम. पेपर आता पुढच्या सत्रात. तोवर कंपनीतली जागा दुसऱ्याला गेली. मुलगा माझ्यावर तडकला, तेव्हा तीच म्हणाली, "ओरडू नका त्यांना. दहीच आणलं ना, चिठ्ठी तर नाही आणली." त्या बोलण्यानं मला जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता ती पुन्हा अभ्यासाला बसते आणि मी उगाच गच्चीवर फेऱ्या मारत राहतो. हा कागद पोस्टात टाकायचा नाही, म्हणून तुला सांगतो, माय. दही निमित्त होतं. पलीकडं खरंच कुणी सर आहेत का, आणि आपल्या घरातलं माणूस एवढ्या मोठ्या परीक्षेला बसलेलं कसं दिसतं, ते मला एकदा बघायचं होतं. ती पडद्यावर नजर लावून भराभर बोटं चालवत होती. मला तिथंच उभं राहावंसं वाटलं. परवा तिनं विचारलं, "मामा, त्या दिवशी एवढी कसली घाई झाली होती?" मी म्हटलं, दही आंबट होत होतं.