ताईचा हात चुकला नव्हता

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, विधवा, रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. बाकीच्या शरीराची हमी देत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. घाई आहे ती उपचारांनंतर परत आलेल्या लिम्फोमाला, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कॅन्सरला.

१. दोन खोल्यांचं राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या लेकीची. ती सज्ञान होईपर्यंत माझी थोरली बहीण, ताई, तिची पालक. लेकीला सकाळी हाका मारू नयेत, नुसता पडदा सरकवावा. ती उठते.

२. शिलाई मशीन जाऊबाईंना. पहिल्या आजारातून मी उठले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मग मशीन आता तूच वापरणार का?" तो राग अजून गेलेला नाही. पण त्यांनी निदान तोंडाने मागितलं, बाकीचे नुसते कपाटाकडे बघत होते. मोठी कात्री मात्र लेकीची. ती मशीनबरोबर जाऊ देऊ नये.

३. सेकंदकाटा असलेलं माझं घड्याळ ताईला. ती वॉर्डात परिचारिका आहे, नाडी मोजायला उपयोगी पडेल.

४. यापुढे माझं रक्त काढू नये.

हे कलम ताईसाठी आहे, माझं रक्त तीच काढते. आजार परतल्यावर एलडीएच नावाचा आकडा फार चढलेला असला आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन उतरलेलं असलं, तर माणूस सहसा फार काळ काढत नाही. असे अहवाल मी वर्षानुवर्षं टंकले. नावाकडे बघायचं नाही, ही आमची सवय. माझ्या अहवालावर ती उपयोगी पडली नाही.

रक्त घेताना पेशी फुटल्या तरी एलडीएच खोटा चढतो. हे मीच ताईला कधीतरी शिकवलं होतं. म्हणून आकडा आला की ती म्हणते, "माझाच हात चुकला गं. शीर बारीक, मी ओढलं जोरात. उद्या परत घेऊ." उद्या परत घेते. पुन्हा तोच आकडा, पुन्हा तिचाच हात. मी हो म्हणत राहिले, कारण माझंही मन तेच मागत होतं.

गेल्या खेपेची नळी आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना आम्ही मास्तर म्हणतो, घरी घेऊन आले. खिडकीपाशी उजेडात धरली. पेशी फुटल्या असत्या तर वरचं पाणी लालसर दिसलं असतं. ते स्वच्छ पिवळं होतं.

ताई, तुझा हात एकदाही चुकला नव्हता. आता सुई ठेव. उरलेल्या सकाळी मला लेकीचा पडदा सरकवायचा आहे.

५. देह लवकर न्यावा. भाषणं नकोत.

साक्षीदार: (१) मास्तर. (२) खालच्या मजल्यावरचे केस कापणारे काका. दोन्ही आजारांत माझं डोकं भादरताना त्यांनी आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला होता. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

घड्याळ ताईला जाणार असल्याने ती साक्षीदार होऊ शकत नाही, हे तिला सांगितलं. "मग मी काय करू?" म्हणाली.

"कागद सरकतोय. दाबून धर."

तिने धरला.

ठिकाण: राहतं घर, जेवणाचं टेबल
दिनांक: एकोणीस, सोमवार
सही: (थोडी वाकडी, पण माझीच)